क्रिकेटचा हंगाम आणि कामगाराची मजुरी

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी देण्याचे मान्य केले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून चालविलेल्या चळवळीचे ते फळ होते. तोवर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला खेळ खेळण्याची वा पाहण्याची सवड असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे गिरणगावात कबड्डीचे संघ, व्यायामशाळा आणि क्रीडामंडळे फोफावली ती या लढून मिळविलेल्या वेळाच्या आधारावर. क्रिकेटच्या वेडापायी आजचा तरुण वेळ आणि पैसा उधळतो, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. तिचा विचार करताना ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे, की फावला वेळ ही कामगाराला कोणी वाटलेली खिरापत नव्हे.

ही तक्रार करणाऱ्यांत उद्योगपती अग्रभागी आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असा उपदेश केला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे 90 तासांविषयीचे उद्गार प्रसिद्ध झाले. आपल्या कर्मचाऱ्यांना रविवारीही कामावर बोलावता येत नाही, याची त्यांना खंत वाटत होती. लोखंडे यांनी मिळविलेली सुटी 135 वर्षांनंतरही मालकवर्गाच्या डोळ्यांत खुपत असावी, हे उद्बोधक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातील निम्म्याहून अधिक काम करणारे आठवड्याला 49 तासांपेक्षा जास्त वेळ राबतात. असे असतानाही सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. राबण्याचे तास वाढविले म्हणजे उत्पादकता वाढते, हा समज अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही टिकणारा नाही. उत्पादकता मोजतात ती दर तासामागे, आणि ती ठरते यंत्रसामग्री, कौशल्य, पोषण व विश्रांती यांवर. 30 मार्च 2011 रोजी मोहालीला भारत-पाकिस्तान उपांत्य सामना झाला तेव्हा अनेक खाजगी कचेऱ्यांनी अर्धा दिवस सुटी दिली. त्यामुळे देशाचे उत्पादन बुडाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

दुसरा सूर खुद्द पुरोगामी चळवळीतून निघतो. क्रिकेट म्हणजे साहेबाचा खेळ आणि जनतेची अफू, असे म्हणून जुने कार्यकर्ते नाक मुरडतात. या वर्गाने महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. पळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू विठ्ठल हे चर्मकार कुटुंबातले. जिथे त्यांच्या शेजारी बसून चहा घेण्यास सवर्ण खेळाडू कचरत, त्याच हिंदू संघाचे कर्णधारपद अखेर 1923 साली विठ्ठल यांच्याकडे आले. मैदानावर टाळ्या वाजविणारा प्रेक्षक त्या क्षणी जातिव्यवस्थेला छोटासा का होईना, पण धक्काच देत होता. महात्मा गांधींनी 1940 साली पंचरंगी सामन्यांना विरोध दर्शविला तो खेळाला नव्हे, धर्मवार संघ पाडण्याला. खेळाचे प्रेम हा सामान्य माणसाच्या आनंदाचा भाग आहे. तो हिणवणारा कार्यकर्ता वस्तीत भाषण करू शकतो, वस्तीचा होऊ शकत नाही.

मग प्रश्न कुठे आहे? तो आहे प्रेक्षकाचे गिऱ्हाईक होण्यात. इंडियन प्रीमियर लीग 2008 साली सुरू झाली तेव्हा 59 सामन्यांची आखणी होती. 2022 पासून हंगाम 74 सामन्यांचा झाला. 2023 ते 2027 या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क जून 2022 मध्ये 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. दर सामन्यामागे ही रक्कम सुमारे 118 कोटी पडते. एवढे भांडवल गुंतविणारा व्यापारी ते कोणाकडून वसूल करणार? काही भाग जाहिरातदाराकडून, म्हणजे साबण, शीतपेय आणि गुटख्याच्या भावंडांच्या किमतीतून. काही भाग वर्गणीतून. 2023 साली हे सामने मोबाइलवर मोफत दाखविण्यात आले. सवय जडल्यावर 2025 मध्ये वर्गणी आली, किंवा ती रिचार्जच्या रकमेच्या पोटात शिरली. बाजारपेठ हस्तगत करण्याची ही जुनीच रीत आहे. चहाच्या मळेवाल्यांनीही हिंदुस्थानला प्रथम चहा फुकट पाजला होता.

तरीही वर्गणीचे ओझे सोसता येण्याजोगे असते. खरा घाव घातला तो पैसे लावून खेळावयाच्या ‘फॅन्टसी’ संघांनी. महिना 18,000 रुपये मिळविणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचे उदाहरण कल्पून पाहावे. खोलीचे भाडे, किराणा, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे आणि कुठला तरी हप्ता गेल्यावर त्याच्या हाती हक्काचे 500 रुपये उरले तरी पुष्कळ. तो प्रत्येक सामन्याला फक्त 49 रुपयांचा एक संघ लावतो असे धरले, तर 74 सामन्यांचे 3,626 रुपये होतात. म्हणजे दोन महिन्यांच्या हंगामात त्याच्या सात महिन्यांच्या शिलकीहून अधिक. यातील काही परत येते हे खरे. परंतु सर्व खेळणाऱ्यांनी मिळून भरलेल्या रकमेतून आधी चालकाचा वाटा निघतो आणि सरकारचा कर कापला जातो. ऑक्टोबर 2023 पासून तर जमा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर होता. उरेल तेच विजेत्यांत वाटायचे. तेव्हा एखाद्याचे नशीब कधी फळफळले, तरी सर्वांचा मिळून हिशेब प्रत्येक सामन्याला तोट्याचाच असणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. शिवाय एकाच सामन्यात अनेक संघ उतरविणाऱ्या सराईत मंडळींपुढे पाळीवरून थकून येणारा माणूस कसा टिकावा?

हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असा बचाव चालकांनी वर्षानुवर्षे केला आणि 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो मान्यही केला. कौशल्य असेलही. पण कौशल्याने पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, निर्माण होत नाही, ही साधी गोष्ट न्यायालयीन वादात बाजूला पडली. त्या काळात अशाच एका चालक कंपनीचे, ड्रीम इलेव्हनचे नाव 2023 पासून भारतीय संघाच्या छातीवर झळकत होते. लहान मुले तो सदरा घालून गल्लीत खेळत होती. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा. या खेळांमुळे सुमारे 45 कोटी लोकांची मिळून 20,000 कोटी रुपयांहून अधिक हानी झाल्याचा अंदाज खुद्द सरकारने त्या वेळी दिला. म्हणजे त्याआधी याच उलाढालीवर कर घेऊन तिजोरी भरणारे सरकार कोणाच्या पैशावर हात मारीत होते, हेही उघड झाले.

बंदीचे स्वागत केले पाहिजे. तिच्यावर विसंबता मात्र येणार नाही. मुंबई इलाख्यात जुगाराला बंदी करणारा कायदा 1887 चा आहे. तरीही 1960 नंतरच्या दशकांत मटक्याने गिरणी कामगारांच्या किती पगाराच्या पाकिटांची वाट लावली, हे लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. मटक्यात निदान एक सोय होती. आकडा घेणारा माणूस चाळीच्या तोंडाशी बसे. संतापलेली गृहिणी तिथे जाऊन त्याची खरडपट्टी काढू शके. आजचा सट्टा उशाखालच्या मोबाइलमध्ये आहे, परदेशातून चालणारी त्याची दुकाने कायद्याच्या हातास सहजी लागत नाहीत, आणि पैसे संपले तर त्याच यंत्रावर दहा मिनिटांत कर्ज देणारा सावकारही हजर आहे. या सावकारीला आवर घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेला 2022 मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले. 2022-23 साली भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास 5 टक्क्यांपर्यंत घसरली होती. अनेक दशकांत ती इतकी खाली गेली नव्हती. त्याचा सगळा दोष क्रिकेटच्या माथी मारणे हास्यास्पद ठरेल. महागाई, ठप्प वेतन आणि शिक्षण-औषधपाण्याचा खर्च ही त्यामागील मोठी कारणे. पण ज्या घराची गंगाजळीच आटली आहे तिथे 49 रुपयांची गळतीही लहान राहत नाही.

येथे व्यवस्थेवर बोट ठेवून थांबणे अनेक कार्यकर्त्यांना सोयीचे वाटते. परंतु घरातला हिशेब घरातच करावा लागतो, आणि तेथे समाजवाद्याची खरी परीक्षा आहे. सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि बहुधा साडेअकरापर्यंत लांबतो. त्या चार तासांत चहा कोण करते, मुलांचे जेवण कोण उरकते, सकाळच्या सातच्या पाळीचा डबा भरण्यासाठी पहाटे कोण उठते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवितात आणि ते करणारे पुरुष 88 मिनिटे. पुरुषाचा फावला वेळ हा बहुतेक घरांत स्त्रीच्या विनामूल्य श्रमांतून कापून काढलेला असतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही मागणी ज्या चळवळीने जगभर केली, तिच्या अनुयायाने घरातील दुसऱ्या श्रमिकाचे आठ तास कोठे गेले याचा जाब स्वतःला विचारावा.

म्हणून शौकाचा खर्च घरखर्चाच्या वहीत उघडपणे, सर्वांदेखत मांडला गेला पाहिजे. हंगाम सुरू होण्यापूर्वी नवरा-बायकोने बसून रक्कम ठरवावी: वर्गणीचे इतके, एखाद्या सामन्याच्या तिकिटाचे इतके, आणि तेवढीच रक्कम तिच्याही आवडीसाठी. कर्ज काढून, उचल घेऊन वा भिशीचा पैसा फिरवून शौक करायचा नाही, हा दंडक असावा. पैज लावणे तर शौकात मोडतच नाही. 74 पैकी कोणते दहा-बारा सामने रात्री जागून पाहायचे हेही आधीच ठरविता येते. ज्याला सकाळी यंत्रावर हात चालवायचा आहे, त्याची अपुरी झोप हा केवळ उत्पादनाचा प्रश्न नसतो. बोटे त्याची असतात. आवडत्या संघावर जीव लावणाऱ्या माणसाला हे सांगताना कुत्सितपणा नको. सामना त्याच्याबरोबर बसून पाहावा, आणि मग वहीचा विषय काढावा. कामगारांच्या पतपेढ्यांनीही कर्जाच्या अर्जावर ‘घरगुती अडचण’ हे दोन शब्द वाचून सही करण्याची सवय सोडावी. एप्रिल-मे महिन्यांत अशा अर्जांची संख्या वाढते का, एवढे तरी पाहावे.

प्रक्षेपणाबाबतही मागणी करण्यास वाव आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितले, आणि तेही क्रिकेटच्याच एका प्रकरणात. त्यानंतर 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. या कायद्याची व्याप्ती वाढावी, कबड्डी, खो-खो, हॉकी आणि स्त्रियांचे सामने यांना त्यात पुरेसे स्थान मिळावे, यासाठी पक्षाच्या प्रतिनिधींनी आवाज उठविल्याचे फारसे ऐकिवात नाही.

पण पाहणे हा खेळाशी असलेला दुय्यम संबंध आहे. 1941 साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुले-मुली एकत्र खेळत; त्यांतून तयार झालेले कार्यकर्ते पुढे समाजवादी चळवळीचा कणा ठरले. त्या शाखांना लागत होती ती एक मोकळी जागा. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी राखण्याचे ठरविले होते. 2001 च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. ज्यांच्या आजोबांनी गिरणीच्या संघातून कबड्डी गाजविली त्यांची नातवंडे आज त्याच जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या सावलीत, जिन्याच्या पायरीवर बसून मोबाइलवर दुसऱ्याचा खेळ पाहतात. पुणे, नाशिक, इचलकरंजी येथेही चित्र फार निराळे नाही.

पक्षाच्या प्रत्येक नगरशाखेने आपल्या प्रभागात विकास आराखड्यानुसार किती मैदाने आहेत, त्यांपैकी कितींवर कुंपण, वाहनतळ वा कायमचा मंडप आहे, आणि कितींच्या दाराशी शुल्काची पाटी लागली आहे, याची यादी प्रत्यक्ष फिरून करावी. या कामात क्रिकेटप्रेमी तरुणांनाच पुढे घालावे. मैदान कोठे होते हे त्यांना पदाधिकाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. पुढच्या हंगामाचा पहिला सामना सुरू होण्याआधी ती यादी सह्यांनिशी प्रभाग कार्यालयात पोहोचली पाहिजे.