आरक्षण टाकण्याआधी

मुक्ताईनगर नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०१८ साली झाली. त्याआधी ते ग्रामपंचायतीचे गाव होते, आणि जुन्या दस्तांत अजूनही एदलाबादच आहे. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या या तालुक्याला भूसंपादन नवे नाही. हतनूर धरणाच्या फुगवट्याने गावे उठवली, तरसोद ते चिखली महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेचे पट्टे गेले, आणि इंदूर–हैदराबाद महामार्गाच्या मोबदल्यावरून शेतकरी आंदोलनाला बसले. हे सारे शेतशिवारातले. आमच्या वाचकांपुढे, म्हणजे नगररचनाकार, मुख्याधिकारी, भूसंपादन अधिकारी, मूल्यांकनकार आणि वकील यांच्यापुढे, येऊ घातलेले काम मात्र गावाच्या पोटातले आहे. बस स्थानक, बाजारपेठ आणि मुख्य चौक यांच्या भोवतालची खाजगी जागा ‘व्यापारी संकुल’, ‘भाजी मंडई’ किंवा ‘वाहनतळ’ म्हणून विकास आराखड्यात दाखवायची आणि पुढे कधीतरी ताब्यात घ्यायची.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली आराखडा करणे ओघानेच येते. राज्यात गेल्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायती अशाच नगरपंचायती झाल्या. मुक्ताईनगर हे त्यांतले एक, म्हणून ते समोर ठेवून बोलतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की मध्यवस्तीतल्या ज्या आरक्षणाचे पैसे कुठून येणार हे आराखड्याच्या अहवालात लिहिता येत नाही, ते टाकू नये. व्यापारी संकुलाचे तर नाहीच नाही. सार्वजनिक कामासाठी सक्तीने जागा घेण्याचा अधिकार शासनाला असलाच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. जागा घेतही नाही आणि सोडतही नाही, हे जे चालते त्याबद्दल आहे.

आधी पैशाचे पाहू. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. बाजारमूल्याला गुणकाने गुणायचे, त्यात बांधकाम, झाडे यांची किंमत मिळवायची, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची, शिवाय बाजारमूल्यावर दरसाल बारा टक्के वेगळे. ग्रामीण भागात हा गुणक एक ते दोनच्या दरम्यान, नागरी भागात एक. म्हणजे ज्या दिवशी गावाच्या पाटीवर नगरपंचायत लिहिले गेले, त्या दिवशी त्याच जागेवरचा, त्याच मालकाचा गुणकाचा हक्क घटला. जागा वाढत्या भावाची झाली म्हणून गुणक कमी, असा त्यामागचा तर्क. पण भाव वाढायला वर्षे लागतात आणि गुणक एका अधिसूचनेने उतरतो. या मधल्या काळात झालेल्या निवाड्यांत शीघ्र सिद्ध गणकाचा दर तेवढा उतरवून मोकळे होणाऱ्या मूल्यांकनकारांनी शेजारचे खरेदीखत शोधायची तसदी घ्यावी, ही विनंती आम्ही आधीही केली आहे.

इतके करूनही रक्कम नगरपंचायतीच्या आवाक्याबाहेरच राहते. घरपट्टी, पाणीपट्टी आणि अनुदानावर चालणारी संस्था चौकातली दहा-वीस गुंठे जागा दुपटीने कशी घेणार? मग नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मधली दुसरी वाट सुचवली जाते: रोख नको, टीडीआर घ्या. मुंबई-पुण्यात टीडीआर विकला जातो, कारण तिथे मूळ चटई क्षेत्र संपून वर आणखी मजले चढवायला बिल्डर तयार असतो. तालुक्याच्या गावात दोन मजली इमारत म्हणजे मोठी इमारत. जो मूळ चटई क्षेत्रच पुरे वापरत नाही, तो दुसऱ्याचे विकत कशाला घेईल? गिऱ्हाईक नसलेला कागद हातात देऊन ‘मोबदला अदा’ अशी नोंद करणे कायद्यात बसत असेल, मालकाला मात्र तो मोबदला वाटत नाही. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षणाची सोय आहे. मालकानेच बांधायचे, ठरलेला भाग पालिकेला द्यायचा, उरलेला स्वतः वापरायचा. लहान गावात हीच त्यातल्या त्यात चालणारी वाट. पण ती मालकाच्या मर्जीवर आहे, हे आराखडा करताना धरून चालावे.

पैसे नाहीत, टीडीआरला गिऱ्हाईक नाही, तर मग काय होते? जागा ‘डीपीत गेली’ एवढेच होते. बँक तिच्यावर कर्ज देत नाही, भावाभावांत वाटणी अडते, छपराचे पत्रे बदलायलाही परवानगी मागावी लागेल या भीतीने इमारत तशीच खंगत जाते. मध्यवस्ती सुधारावी म्हणून टाकलेले आरक्षण त्याच मध्यवस्तीला दहा वर्षे गोठवून ठेवते.

दहा वर्षांनंतर कलम १२७. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ सहा महिन्यांची. ती आधी बारा आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. विधिमंडळाने वेळ वाढवून दिला, पैसे वाढवून दिले नाहीत. त्यामुळे तेविसाव्या महिन्यात सर्वसाधारण सभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव धाडायचा हा जुना खेळ चालूच राहतो. तो खेळ न्यायालयाने कधीच मोडीत काढला आहे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की नुसता ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाची घोषणा लागते. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ साली तेच पुन्हा सांगावे लागले. १९९३ च्या आराखड्यातले आरक्षण तीस वर्षांहून अधिक काळ धरून ठेवता येत नाही, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा एकदा महाराष्ट्रालाच ऐकवले गेले. इतक्यांदा एकच धडा गिरवायला लागणारे राज्य दुसरे असेल असे वाटत नाही.

नोटिशीबरोबर मालकीची कागदपत्रे जोडायची असतात, आणि इथे लहान गावाची अडचण निराळी आहे. ज्या गावठाणाचे नगर भूमापन झालेले नाही, तिथे मिळकत पत्रिकाच नसते. हाती असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. म्हणजे आरक्षण टाकताना मालक सापडला नाही तरी चालते, सुटका मागताना मात्र त्याने मालकी सिद्ध करायची. भूमापन आधी, आराखडा नंतर, हा क्रम विभागाने पाळला तर निम्मी प्रकरणे उभीच राहणार नाहीत.

आता सार्वजनिक हेतूचे. व्यापारी संकुल हा सार्वजनिक हेतू होतो का? अमेरिकेत न्यू लंडन या गावाने नदीकाठची घरे सक्तीने घेतली. औषध कंपनी शेजारी येणार, हॉटेल होईल, कर वाढेल, हा आधार. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने ते मान्य केले. २००९ साली कंपनी गाव सोडून निघाली, आणि घरे पाडलेली जागा वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. आपल्याकडे मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ प्रकरण घातले गेले: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादन करायची. त्यातून निघालेला वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरले की प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक संपत्ती नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने अनुच्छेद ३००-अ मधून सात हक्क काढून दाखवले. सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, वेळेत कार्यवाही आणि कार्यवाहीचा शेवट, म्हणजे प्रत्यक्ष ताबा घेऊन प्रकरण मिटवणे. शेवटचे दोन आमच्या धंद्यातल्यांनी नीट वाचावेत. जी जागा आपण वर्षानुवर्षे आराखड्यात रंगवून ठेवतो, तिथे हे दोन्ही हक्क आपणच मोडत असतो.

तरीही एखाद्या मुख्याधिकाऱ्याला वाटेल की संकुल बांधले की गाळ्यांचे भाडे येईल आणि मोबदला वळता होईल. त्याने जळगावला जाऊन यावे, फार लांब नाही. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ साली संपली. नूतनीकरण, भाडे आणि थकबाकीचा वाद त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी पालिकेच्या मानगुटीवरून उतरला नव्हता. तिथे जागा खाजगी मालकाकडून घेण्याचा प्रश्न नव्हता. नुसते घरमालक होणेच जिथे पालिकेला झेपले नाही, तिथे कर्ज काढून जागा घ्यायची आणि वर घरमालकही व्हायचे, हे नगरपंचायतीला कसे झेपेल? मंडई हवी असेल तर आधी गावातली शासकीय जमीन पाहावी: जुने तहसील, विश्रामगृहाचे आवार, पाटबंधारे खात्याची रिकामी वसाहत. सरकारी खाते जागा सोडायला खाजगी मालकाहून चिवट असते हे खरे. पण तिथे निदान कुणाचे दुकान मोडत नाही.

दुकान मोडते ते बहुधा भाडेकरूचे. चौकातल्या इमारतीचा मालक अनेकदा जळगावला किंवा पुण्याला असतो, आणि गाळ्यात शिलाई यंत्र, मोबाइल दुरुस्ती किंवा बियाण्याचे दुकान चालवणारा वेगळाच असतो. २०१३ च्या कायद्याने त्याला वगळलेले नाही: संपादनापूर्वी तीन वर्षे ज्याचे उपजीविकेचे मुख्य साधन त्या जागेवर होते, असे नागरी भागातले कुटुंबही बाधित धरायचे आहे. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहेच, त्याची समिती मात्र कागदावरही शोधावी लागते. पण तीन वर्षे धंदा होता हे दाखवायचे कशाने? भाडेकरार शंभराच्या मुद्रांकावर, तोही अकरा महिन्यांचा आणि नूतनीकरण तोंडी. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ पुन्हा कामी येतो, कारण त्यात मालकाशेजारी भोगवटादाराचाही रकाना आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर नगरपंचायतीकडे हस्तांतरित होताना या नोंदवह्या संगणकात घेतल्या जातात आणि भोगवटादाराचा रकाना ‘निरंक’ होतो, असा अनुभव अनेक वाचक कळवतात. आराखड्याच्या सुनावणीला जाणाऱ्या वकिलांनी मूळ नोंदवहीची प्रमाणित प्रत आत्ताच काढून ठेवावी, आणि मुख्याधिकाऱ्यांनी ती मागणाऱ्याला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला लावू नये.