दुखणे गिअरबॉक्सचे, औषध सॉफ्टवेअरचे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांमागे मोटारींची रांग लागते. थोडे सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे. अशा चालीत सर्वाधिक घासतो तो क्लच. ऑटोमॅटिक गाडीत क्लच दाबण्याचे काम चालकाचा पाय नव्हे, संगणक करतो. त्यामुळे गाडी थरथरू लागली, धक्के देऊ लागली, की सर्व्हिस सेंटरमध्ये अनेकदा पहिले उत्तर मिळते, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले आहे, आता त्रास होणार नाही.’ हे उत्तर कधी खरे असते, कधी अर्धेच.

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर ‘एएमटी’ पद्धत आली आणि क्लचविना चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच किती दाबायचा, किती हळू सोडायचा, गिअर केव्हा बदलायचा, हे मात्र सॉफ्टवेअर ठरवते. हे गणित चुकले असेल, तर अपडेट हाच योग्य इलाज. पण क्लच प्लेटचे अस्तर झिजले असेल किंवा ऑइल सील गळत असेल, तर सॉफ्टवेअर फार तर दाब आणि वेळ पुढेमागे करील. काही दिवस धक्का जाणवणार नाही, झीज मात्र चालूच राहील. तापाच्या गोळीने ताप उतरतो, न्यूमोनिया बरा होत नाही, तसेच हे.

फोर्डच्या फिएस्टा व फोकस मोटारींतील दुहेरी क्लचच्या ‘पॉवरशिफ्ट’ गिअरबॉक्सचा अनुभव बोलका आहे. थरथरीवर सॉफ्टवेअर बदलून पाहिले गेले. पण सीलमधून झिरपलेले तेल कोरड्या क्लचवर जात असेल, तर सील आणि क्लच बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. ऑस्ट्रेलियात तर अनेक ग्राहकांना ‘दोष तुमच्या चालवण्याचा’ असे ऐकवले गेले. तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल तेथील फेडरल न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या ‘डीएसजी’ गिअरबॉक्ससाठी जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या माघारी बोलावल्या. उष्ण-दमट हवेत, थांबत-चालत प्रवासात सिंथेटिक तेलामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. तेथे उपाय ठरला तेल बदलण्याचा.

हा केवळ खिशाचा प्रश्न नाही. ट्रॉली ओलांडताना, समोरून ट्रक येत असताना गाडीची ओढ गेली, तर जिवाशी गाठ आहे.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने माघारी बोलावण्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू होतात, दंड १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो आणि दोषाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आहे. पण सक्तीने गाड्या माघारी बोलावण्यासाठी ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. खरी मेख इथेच आहे. अपडेटने लक्षण दबले, की तक्रार नोंदलीच जात नाही. लक्षण परत येईतो वॉरंटी संपलेली असते आणि खर्च मालकाच्या माथी येतो. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदतही दोनच वर्षांची.

म्हणून अपडेट नाकारण्याचे कारण नाही, पण त्यावर भागवूनही चालणार नाही. दोष कोणता आढळला, संगणकाने कोणता कोड दाखवला, कोणती आवृत्ती टाकली, क्लच व सील उघडून तपासले का, हे सारे जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि ते जपून ठेवावे. त्रास पुन्हा झाला, तर तेच कागद वॉरंटीत दाद मागताना कामी येतील. सुरक्षेला धोका वाटला, तर केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सरकारनेही एक पाऊल पुढे टाकावे. यांत्रिक तक्रारीवर सॉफ्टवेअरचा उपाय केला, तर त्याचे कारण ग्राहकाला लेखी देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. रुग्णाला आपल्या आजाराचे निदान जाणून घेण्याचा हक्क असतो. लाखो रुपये मोजून गाडी घेणाऱ्यालाही तो असायला हवा.