दाते बदलले, ब्रेकचं काय?

मंडळी, पिकअपचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, गाडीत बदल दिसला की उचला आणि आरटीओच्या आवारात लावा. दुसरा म्हणतो, गाडी आमची, पैसा आमचा, तुम्ही कोण विचारणार? मला दोघांचंही पटत नाही. दोघंही लाईट, बंपर आणि टायर बघून भांडतात. खरा बदल खाली हाऊसिंगमध्ये असतो आणि तिकडं कुणी वाकून बघत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनची ताकद शाफ्टमधून चाकांकडं वळते ती क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरमधून. समजा, क्राऊनला ३७ दाते आणि पिनियनला ९. म्हणजे शाफ्टचे ४.११ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. तीच जोडी काढून ४१ ला ८ ची बसवली की हा आकडा ५.१२ होतो. चाकावरची ओढ जवळजवळ सव्वापट! चढाला गाडी हसत जाते. बदल्यात ज्या वेगाला इंजिन २००० फेरे घेत होतं, तिथं आता अडीच हजार घेतं. हायवेला डिझेल जास्त जातं, वरचा वेग कमी होतो.

हे सगळे नुसत्या रील्ससाठी करतात असं समजू नका. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या पाणंदी पावसाळ्यात बघितल्यात का? दुधाचे कॅन, शेणखत, उसाचं बियाणं, वैरण, सगळं त्याच चिखलातून काढायचं असतं. म्हणून माणूस फोर बाय फोर घेतो आणि मोठे टायर टाकतो. २८ इंचाच्या जागी ३१ इंचाचा टायर घातला की गाडी जड होते, पहिल्या गिअरलाही क्लच जाळते. आता हिशेब करा. मूळची ओढ परत हवी असेल तर ४.११ च्या जागी ४.५५ लागतात. ४१ ला ९ ची जोडी बरोबर तेवढंच देते. म्हणजे हा मालक गाडी बिघडवत नाही, कंपनीच्या हिशेबावर परत आणतो. आणि कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर ही काय गॅरेजवाल्याच्या डोक्यातली खुळी कल्पना नव्हे. जुन्या विलीज जीपला कंपनीतूनच ४३ ला ८, म्हणजे ५.३८ ची जोडी यायची.

काम मात्र येरागबाळ्याचं नाही. क्राऊन-पिनियन जोडीनंच बदलावे लागतात, एक जुना एक नवा चालत नाही. पिनियन किती आत बसवायचा ते शिम घालून ठरवायचं, दोन गिअरमधली मोकळीक डायल गेज लावून मोजायची. ही मोकळीक मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी असते. मग दात्यांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते बघायचं. ठसा कडेला गेला तर गाडी आधी रडते, मग दाते सोडते. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचं-मागचं दोन्ही हाऊसिंग एकाच रेशोचं पाहिजे. पैसे वाचवायला नुसतं मागचं बदललं आणि पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर लावलं, की पुढचं-मागचं एकमेकांशी झुंजतं आणि ट्रान्सफर केस मोडते.

म्हादबा मेस्त्रींच्या या गावात, जिथं कारागिरांनी ऑइल इंजिनं घडवली, तिथं हे काम चोख करणारे हात आहेत. उद्यमनगरात उभं राहून मी ते बघितलंय. त्या हातांना चोर म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण आता दुसऱ्या गटानं पण ऐकावं.

बरेच जण हा बदल चिखलासाठी करत नाहीत, वजनासाठी करतात. दीड टनाच्या गाडीत तीन टन विटा, खडी, वाळू. गाडी ओढत नाही म्हणून दाते बदलायचे. ओढायला लागली की म्हणायचं, बघा, झेपतंय की! अरे भावा, इंजिनला झेपतंय. ब्रेकला झेपतंय का? पाट्यांना, बेअरिंगला, टायरला? क्राऊन-पिनियन बदलून ब्रेकचा ड्रम एक सूतभर मोठा होत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं, की असा गिअर असला तर घाट उतरताना इंजिन गाडी जास्त धरतं. खरं आहे, धरतं. पण करूळच्या उतारावर समोर एसटी आली आणि गाडी जाग्यावर थांबवायची वेळ आली, तर ती ब्रेकनंच थांबणार. तेव्हा मागं दुप्पट वजन ढकलत असतं.

स्पीडोमीटरचीही तीच गत. ज्या गाडीत काटा गिअरबॉक्सकडून चालतो, तिथं ४.११ चे ५.१२ केले की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ४८ नं चाललेली असते. उलट, नुसते मोठे टायर टाकले तर काटा ६० आणि गाडी ६६ वर. मीटरवर बघून गाडी विकत घेणाऱ्यानं काय समजायचं?

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

ऐकायला लई कडक. पण घरातली आरसी काढून बघा. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रिकामं वजन आहे, भरलेलं वजन आहे. क्राऊन-पिनियनचा रेशो कुठं आहे? नाही. म्हणजे प्रामाणिक माणसानं नोंद करायची म्हटली तर रकाना नाही, आणि लबाडाला पकडायचं म्हटलं तर पुरावा नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसला न्यावं लागतं. तिथं हाऊसिंगमध्ये काय आहे हे विचारायचीच सोय नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं बदल शोधून काढला, तर भरडला जाणार तो हप्ते फेडणारा पिकअपवाला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, गिअर आणि टायरच्या बदलाला तपासणीची वाट द्या. ब्रेक तपासा, स्पीडोमीटर जुळवून घ्या, नवा रेशो नोंदवा, आणि भरलेलं वजन एक किलोनंही वाढवू नका. दोन, हे काम करणाऱ्या मेस्त्रींना आयटीआयमधून परीक्षा घेऊन दाखला द्या, आणि त्यांच्या बिलावर जोडीचे दाते लिहिलेच पाहिजेत. तीन, वजनकाटा रस्त्यावर नको, माल भरतात तिथं लावा. कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार आणि वर प्रत्येक टनामागं २ हजार दंड आहे, आणि तो नुसत्या ड्रायव्हरला नाही, गाडी तशी चालवायला लावणाऱ्यालाही आहे. मग खडी भरून देणारा, वीटभट्टीवरनं "अजून पाचशे टाक" म्हणणारा मालक दरवेळी कसा सुटतो? चार, मातोश्री पाणंद योजना २०२१ ला आली. आपापल्या गावची पाणंद झाली का ते ग्रामसभेत विचारा. पाणंद पक्की झाली तर निम्म्या लोकांना हाऊसिंग उघडायची गरजच पडणार नाही.

हे होईपर्यंत पिकअपवाल्या भावांनो, दाते बदलायचे तर चिखलासाठी बदला. वजनासाठी बदलणार असाल तर आधी गाडीत शेजारी कोण बसतंय ते बघा. बहुतेक वेळा तुमचंच पोरगं असतं.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर बोला, शिवीगाळ नको.