हार कौशल्याची की बोटाची?

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली दिला. मोबाइलवरील पैशाच्या रमीने पुढे त्याचाच आधार घेतला. परंतु बैठकीत चुकून पडलेले पान सोबती उचलू देतात. यंत्र देत नाही. पान टाकणे, डाव सोडणे व डाव जाहीर करणे यांची बटणे लगतच असली आणि वेळ सेकंदांत मोजला जात असला, की बोट चुकणारच. आरंभीच डाव सोडल्यास सामान्यतः 20 गुण अंगावर येतात, चुकीचा जाहीर केल्यास 80. आणि गुणागणिक पैसे. चालकाचे कमिशन डावागणिक असे; डाव लवकर आटोपण्यात त्याचे नुकसान नव्हते. मग बटणे सुधारण्याची निकड त्याला का वाटावी?

2025 साली संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण चकविणारी बटणे खरेदीच्या आणि वर्गणीच्या पडद्यांवरही आढळतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये अशा 13 क्लृप्त्या निषिद्ध ठरविल्या. त्या नियमांची कठोर अंमलबजावणी व्हावी. ज्या संमतीत समज नाही, तिला संमती म्हणणे हाच मुळात खोटा डाव आहे.