शिवीगाळ वाढली, कारण मुद्देच उरले नाहीत

जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशन सुरू असताना विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. सुसंस्कृत महाराष्ट्राची आठवण काढून झाली आणि विषय मिटला.

आम्ही याचे खापर केवळ संस्कारांवर फोडणार नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच शेजारी मंत्रिपदाची शपथ घेतलेला पुढारी शेतमालाच्या भावावर किंवा आरक्षणावर वाद घालणार कसा? त्याचीच जुनी क्लिप बाहेर येते. मग उरते ते 'गद्दार', 'खोके', कुणाची जात आणि कुणाची आईबहीण. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, हे सांगायलाही आता संकोच वाटतो.

दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातल्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. नवा कार्यकर्ता बोलायला शिकतो तो सर्वसाधारण सभेत. पाण्याच्या प्रश्नावर तिथे विरोधकाला अडवायचे असते आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच पाठिंब्याने ठराव मंजूर करून घ्यायचा असतो. ही शाळा बंद राहिली तेव्हा तो रीलवर शिकला. तिथे समोर विरोधक नसतोच. रिपब्लिकन गटांचे आपले कार्यकर्ते एकमेकांना 'दलाल' म्हणतात, तेही यातलेच.

याची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या भगिनीला ग्रामसभेत हिशेब विचारण्याऐवजी तिची जात काढली जाते, हे आम्ही कामाच्या निमित्ताने पाहतो. पुढच्या सभेला ती येत नाही, तिचा नवरा येतो.

तरीही 'सभ्य बोला' हा उपदेश अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यालाच होत असेल, तर तो आम्हाला मान्य नाही. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी गांधी आणि जिना यांच्यावर कठोर टीका केली. वृत्तपत्रे तुटून पडली, पण पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्यांनी ती मागे घेतली नाही. दोघांच्या अहंकारापायी देशाचे राजकारण अडले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोडून काढता येण्याजोगे होते. 'गद्दार' या शब्दाला मात्र आणखी मोठ्या शिवीशिवाय उत्तर नसते.

वस्तीत सभा घ्यायला येणाऱ्या उमेदवाराला निदान एवढे विचारू या: अनुसूचित जाती उपयोजनेचे किती पैसे आपल्या वॉर्डात आले आणि कशावर खर्च झाले?