दिसणारी मराठी आणि साठणारी मराठी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे अक्षर आणि त्याच्या स्मृतीत साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना जोडणारी यंत्रणा बिनबोभाट चालते तोवर तिचे अस्तित्व कोणाला जाणवत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती यंत्रणा आयफोनवर कोलमडली. तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ या अक्षराची एक विशिष्ट रचना संदेशातून आली की तो संदेश दाखवू पाहणारे ॲप जागीच बंद पडे, पुन्हा उघडले तर पुन्हा बंद पडे, आणि तेच अक्षर सूचनेच्या पट्टीत आले तर फोनचा मुख्य पडदाच कोसळत असे. ॲपल कंपनीने १९ फेब्रुवारी रोजी आयओएस ११.२.६ ही आवृत्ती काढून हा दोष दूर केला. दरम्यान समाजमाध्यमांवर ते अक्षर खोडसाळपणे पसरवले गेले आणि फोन बंद पाडणारे अक्षर म्हणून त्याची जगभर बातमी झाली. वास्तविक अपराध अक्षराचा नव्हता. त्या अक्षराच्या लिपीचे नियम पूर्णपणे न सांभाळणाऱ्या प्रणालीचा होता.

हे समजण्यासाठी युनिकोडची रीत पाहावी लागते. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांमधील चिन्हांना एकेक क्रमांक नेमून देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था असून या क्रमांकाला संकेतांक म्हणतात. देवनागरी, बंगाली, तेलुगू यांसारख्या लिप्यांतील जोडाक्षरांना युनिकोड स्वतंत्र संकेतांक देत नाही. ‘ज्ञ’ साठवताना ज, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ञ असे तीन संकेतांक ओळीने साठवले जातात, आणि त्यांवरून पडद्यावर कोणती आकृती उमटवायची हे फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच, आणि त्या आकृत्यांची जुळणी करणारी प्रणाली मिळून ठरवतात. २०१८ मधील त्या रचनेत ञ आणि काना यांच्यामध्ये आणखी एक संकेतांक होता. तो शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा, आणि शेजारची अक्षरे एकमेकांत मिसळू नयेत एवढेच सांगणारा होता. असा संकेतांक वापरणे नियमबाह्य नाही, फारसीसारख्या भाषांच्या लेखनात तर तो रोज लागतो. पुढे या दोषाचे जे पृथक्करण झाले त्यात असे दिसून आले की देवनागरीही त्यातून सुटलेली नव्हती: र सोडून एखादे व्यंजन, पाय मोडण्याचे चिन्ह, मग र, मग तो अदृश्य संकेतांक आणि शेवटी स्वरचिन्ह अशी ओळ लावली की तोच परिणाम होई. म्हणजे ‘प्रा’ या साध्या अक्षराच्या पोटात एक न दिसणारी खूण शिरणे एवढेच पुरेसे होते.

याच्याही आधी, मे २०१५ मध्ये, आयफोन बंद पाडणारा एक संदेश असाच गाजला होता. त्यात अरबी अक्षरांबरोबर देवनागरीतील ‘ॣ’ हे चिन्ह होते, जे दीर्घ ‘ॡ’ या स्वराचे चिन्ह असून वर्णमालेच्या पूर्णतेसाठी मानलेल्या या स्वराला मराठी लेखनात प्रत्यक्ष स्थान नाही. लांब संदेशातील मावेल तेवढाच भाग सूचनेच्या पट्टीत दाखवून उरलेला कापण्याचे काम प्रणालीकडे असते, आणि मिश्र लिप्यांचा तो मजकूर कोठे कापावा या हिशेबात ती कोसळली. मराठीभाषक ज्या चिन्हाकडे शाळेतसुद्धा ओझरते पाहतात, ते अशा रीतीने जगाच्या बातम्यांत पोहोचले.

रोमन लिपीत एक अक्षर, एक आकृती आणि एक संकेतांक हे समीकरण बहुतांशी जुळते, आणि संगणकाची जडणघडण त्याच समीकरणावर झाली. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेल्या ‘आस्की’ या संकेतप्रणालीत अवघ्या १२८ जागा होत्या आणि इंग्रजीला त्या पुरत होत्या. देवनागरीचे गणित निराळे आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला म, हा, रा आणि ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र त्यासाठी म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडण्याचे चिन्ह, ट, पुन्हा तेच चिन्ह आणि र असे १० संकेतांक लागतात, आणि महाजालावर सर्वाधिक प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेत असल्याने एवढा एक शब्द ३० बाइट व्यापतो. मोबाइलवरील साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, तर देवनागरी वापरताच ही मर्यादा ७० वर येते. आणि ही ७० म्हणजे अक्षरे नसून संकेतांक असल्याने काना, मात्रा, वेलांटी या सर्वांची त्यात स्वतंत्र मोजणी होते. वाचकाला अक्षर म्हणून जे जाणवते त्याच्या सीमा कोठे मानाव्यात याचे सर्वसाधारण नियमही युनिकोडने ठरवलेले आहेत, परंतु त्या नियमांनुसार ‘महाराष्ट्र’ची अक्षरे दीर्घकाळ सहा भरत होती, कारण ष्, ट् आणि र हे तीन वेगळे तुकडे मानले जात, देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला आणि तेव्हा कोठे ती संख्या चारवर आली. मराठी मुलाला पहिलीत जे कळते ते प्रमाणित व्यवस्थेत येण्यास युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनंतर ३२ वर्षे लागली, ही गोष्ट लहान नाही.

तथापि भारतीय लिप्यांचा विचार उशिरा सुरू झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान संगणकात बसवण्याच्या एका कार्डाच्या रूपाने मिळत असे, आणि ते कार्ड बसवले की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित झाला. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे ठेवलेली असून भारतातील बहुतेक लिप्यांना तो एकाच मांडणीने चालतो. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाणित केली, जिचे मूळ तत्त्व आकृती न साठवता वर्ण साठवावा हे होते. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावरूनच घेतला आहे. भारतीय संशोधकांनी आपल्या लिप्यांच्या रचनेचा केलेला हा विचार आज जगातील प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि त्याची दखल मराठी वाचकांत जेवढी घेतली जायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

बाजार मात्र दुसऱ्या वाटेने गेला. विंडोजवर पुस्तके, नियतकालिके आणि निमंत्रणपत्रिका जुळवण्याची सोय तातडीने हवी होती, आणि सोपा उपाय हाताशी होता: फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवायच्या. संगणक समजे की तो इंग्रजी लिहीत आहे, आणि पडद्यावर व कागदावर मराठी उमटे. मराठी आणि हिंदी या दोन्हींसाठी वापरला गेलेला कृतिदेव हा फॉन्ट याचे ठळक उदाहरण आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात इ, जे, के, कॅपिटल बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठवला जातो, आणि ज्या संगणकावर हा फॉन्ट नाही तेथे तीच पाच निरर्थक अक्षरे दिसतात. ही मांडणी देवनागरी टंकलेखन यंत्रावरून आलेली असल्यामुळे यंत्रावर बोटे बसलेल्या टंकलेखकांना ती सोयीची होती. तो लाभ खरा होता आणि त्या काळातील मराठी प्रकाशनव्यवहार त्यावर उभा राहिला. अडचण ही की प्रत्येक कंपनीने आपली मांडणी निराळी ठेवली आणि एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येईना.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने, ज्यांना नित्याच्या व्यवहारात कन्व्हर्टर म्हणतात, उपलब्ध आहेत. परंतु हे काम केवळ एका खुणेच्या जागी दुसरी ठेवण्याचे नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने ती व्यंजनानंतर येते, आणि मध्ये जोडाक्षर असेल तर तिला ते सबंध ओलांडून पलीकडे न्यावे लागते. रफाराचे याच्या उलट आहे. ‘सूर्य’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये य आधी आणि रफार मागाहून साठतो, तर युनिकोडमध्ये र् आधी आणि य नंतर. कृतिदेवात य या अक्षराची जागा रोमन अर्धविरामाच्या कळीवर आहे; त्यामुळे मराठी मजकुरात एखादे इंग्रजी वाक्य असले आणि कन्व्हर्टरला ते वेगळे काढून दिले नाही, तर त्यातील प्रत्येक अर्धविरामाचा य होतो आणि ‘अँड’ या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचे रूपांतर अनुस्वार, द आणि क यांत होते. म्हणून रूपांतरानंतर मराठी जाणणाऱ्या माणसाने मूळ छापील प्रतीशी मजकूर ताडून पाहणे हा या कामाचा अटळ भाग आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर छापण्यापुरता उत्तम असला तरी संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नाहीच. त्यात ‘मराठी’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, शुद्धलेखन तपासणारे साधन त्यावर चालत नाही, अनुवाद होत नाही. सर्वांत मोठी हानी दृष्टिहीन वाचकांची होते, कारण पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर साठवलेले संकेतांक वाचते, आकृती पाहत नाही. त्याला ‘मराठी’ दिसत नाही, पाच रोमन अक्षरे दिसतात. पडद्यावर उत्तम दिसणारे एखादे पान अशा वाचकासाठी अस्तित्वातच नसते.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्ये आले आणि त्यासोबत मंगल हा फॉन्ट आला, ज्याची रचना सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांची आहे. त्यानंतरही सर्व प्रश्न मिटले असे नाही. ‘ॲप’मधील आद्याक्षराला युनिकोडने २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक दिला, परंतु त्याआधी अ वर चंद्र जोडून ते लिहिण्याची रीत रूढ झाली होती व ती अजून चालू आहे, दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण साठवण भिन्न असल्याने शोध घेताना एकाने दुसरे सापडेलच असे नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीला अर्थाच्या दृष्टीने आवश्यक आहे, आणि ‘दऱ्या’मधील अर्ध्या र साठीही साठवणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असल्याने, मजकूर मराठी आहे अशी नोंद पानात असेल आणि फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल, तरच ते योग्य उमटतात. हे दोष सुधारता येण्याजोगे आहेत आणि सुधारतही आहेत, कारण युनिकोडचे नियम जाहीर आहेत आणि ते तपासणारे अनेक आहेत.

जुन्या फॉन्टमधील मजकुराला असे पाठबळ नाही. ते फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मांडण्या क्वचितच प्रसिद्ध केल्या, काही फॉन्ट ज्या संगणकांवर चालत ते संगणक भंगारात गेले, आणि कोणत्या फायलीला कोणता फॉन्ट लागतो हे पाहताक्षणी सांगणारे डीटीपी ऑपरेटर आता निवृत्तीच्या वयाला पोहोचले आहेत. सुमारे १९९० ते २०१० या काळातील असंख्य मराठी पुस्तके, दिवाळी अंक, गौरवग्रंथ आणि संस्थांचे अहवाल अशा फायलींत आहेत. छापील प्रत मिळाली तर मजकूर वाचेल, पण ज्याच्या थोड्याच प्रती निघाल्या त्याचा आधार ती फाइलच आहे. ग्रंथालये, प्रकाशक, छापखाने आणि संपादकांनी आपल्याकडील अशा फायलींची यादी करावी, प्रत्येकीसमोर फॉन्टचे नाव जाणत्या ऑपरेटरकडून आजच नोंदवून घ्यावे, आणि मूळ फाइल, तिचा फॉन्ट व माणसाने तपासलेली युनिकोड प्रत या तिन्ही गोष्टी एकत्र जतन कराव्यात.