आपली पोरं म्हणजे चांदी आहे का?

हुपरीकरांनो, एक वाक्य पूर्ण करा : "शिक्षक म्हणजे ......, कारण ......"

गंमत म्हणून सांगत नाही. शिकण्या-शिकवण्याबद्दल माणसाच्या मनात खरं काय आहे हे शोधायला अभ्यासक हीच पद्धत वापरतात. सरळ विचारलं की सगळेच छान छान बोलतात. उपमा द्यायला सांगितली की पोटातलं ओठावर येतं. त्यातही 'कारण'च्या पुढचं महत्त्वाचं. 'शिक्षक म्हणजे माळी' असं दोघं म्हणतील. एकाच्या मनात पाणी घालणं असतं, दुसऱ्याच्या मनात छाटणी.

आपल्या चंदेरी नगरीत उत्तर ठरलेलं. पालकसभेत मी कितीदा ऐकलंय, "सर, पोरगं तुमच्या हवाली. ठोका, तापवा, पण चमकलं पाहिजे!" ऐकायला बरं वाटतं. पण चांदीला प्रश्न पडत नाहीत, भीती वाटत नाही. घाट बिघडला तर परत मुशीत घालून आटवता येते. बालपण परत आटवता येतं का? शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केलीय. तरी 'टाकीचे घाव' आमच्या डोक्यातून जात नाहीत.

ब्राझीलच्या पावलो फ्रेरींनी अशा शिक्षणाला बँकेची उपमा दिली : मास्तर भरणा करणार, पोरं म्हणजे नुसती खाती. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली. शाळा म्हणजे चार भिंती, ही उपमाच त्यांनी मोडली.

आणि आपल्याच घरात बघा की. पैंजण करायला आपण कसं शिकलो? जुन्या कारागिराशेजारी बसून, बघून, विचारून, तुटलेली तार परत ओढून. तिथं शिकणारा चांदी नव्हता, होणारा कारागीर होता. पोरांना कामाला लावा असं म्हणत नाही, गैरसमज नको. पण असं शेजारी बसवून, चुकू देऊन वर्गातही शिकवता येईल.

म्हणून शाळांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत शिक्षक, पालक आणि मुलं, तिघांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या भरून घ्या. मुलांच्या आधी वाचा. "शाळा म्हणजे" च्या पुढं कुणी 'तुरुंग' लिहिलं असेल, तर त्या दिवशी टक्केवारी बाजूला ठेवून त्यावरच बोलूया.

तुमचं वाक्य खाली लिहा. 'कारण' विसरू नका.